उडणाऱ्यांचा हजेरीपट

मी एका महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात ३१ वर्षं काढली. ‘काढली’ हेच क्रियापद योग्य. शिक्षेलाही आपण तेच लावतो. निवृत्त झालो त्याच वर्षी भाचा इंजिनिअरिंगसाठी आमच्याकडे राहायला आला. दिवसभर आपण कॉलेजात असतो असं तो सांगतो. रात्री जेवणं उरकली की हॉलमधल्या टीव्हीवर जपानी कार्टून लावून पाय पसरतो. त्याला कार्टून म्हटलेलं खपत नाही. ‘मामा, ॲनिमे म्हणतात त्याला.’ मी एकदा चुकून ॲनिमिया म्हणालो, तर दोन दिवस अबोला धरला होता.

त्या आरडाओरड्यात मला रस वाटायचं काही कारण नव्हतं. पण एका रात्री तांब्या भरायला उठलो आणि पडद्यावर एक मुलगा दिसला. हातात पाकीट, पाकीट फोडायची छाती नाही, खोलीच्या दाराबाहेर त्याची आई कासावीस. प्रवेश परीक्षेचा निकाल! मी तांब्यासकट सोफ्यावर टेकलो. निकालाच्या धास्तीतलं मूल दिसलं की माझे पाय आपोआप थांबतात. अशा हजारो मुलांना मी खिडकीतून ‘उद्या या’ म्हणून सांगितलेलं आहे.

मालिकेचं नाव ‘माय हीरो अकॅडेमिया’. कोहेई होरिकोशी या चित्रकथाकाराने २०१४ मध्ये एका जपानी साप्ताहिकात ती सुरू केली आणि २०२४ मध्ये ४३० प्रकरणांनंतर संपवली. त्या जगात शंभरातल्या ऐंशी माणसांना काही ना काही अचाट शक्ती असते. पोर चारेक वर्षांचं झालं की ती प्रकटते. एकाच्या तळहातातून स्फोट होतात. एकीची जीभ वीस मीटर लांब जाते. एकाच्या कोपरांतून चिकटपट्टी निघते. ह्या शेवटच्या मुलाकडे मी फार वेळ बघत राहिलो. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायच्या दिवसांत आम्ही दोन चिकटपट्ट्यांसाठी मागणीपत्र लिहायचो, ते तीन सह्यांनी फिरायचं, आणि चिकटपट्टी यायची तोवर गठ्ठे विद्यापीठात पोचलेले असायचे. हा मुलगा आम्हाला मिळाला असता तर आम्ही त्याला लगेच कायम केलं असतं. निदान तात्पुरता तरी.

शक्ती आहे म्हणून चौकात जाऊन वापरली, असं मात्र तिथे चालत नाही. परवाना लागतो. परवान्यासाठी परीक्षा, परीक्षेसाठी शाळा, आणि सगळ्यांत नामांकित शाळा म्हणजे यूए. तिथे हीरो विभाग आहे, सर्वसाधारण विभाग आहे, हीरोंची उपकरणं बनवणारा विभाग आहे आणि चक्क व्यवस्थापन विभागही आहे. हीरो विभागाच्या एका जागेमागे तीनशे अर्ज येतात. जागा किती? परीक्षेतून छत्तीस.

‘आणि चार रेकमेंडेशनवर,’ भाचा म्हणाला.

माझ्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं ते त्याला कळलं नाही. ज्याने प्रवेशाचा मोसम ऑफिसात बसून काढलेला आहे त्यालाच ते कळेल. माणूस जपानी असो, कोपरातून चिकटपट्टी काढणारा असो, चार जागा बाजूला ठेवायची अक्कल त्याला असतेच.

त्या रात्रीपासून मी रोज तांब्या घेऊन बसायला लागलो. सौभाग्यवती म्हणाल्या, ‘ह्या वयात कार्टून?’ मी म्हणालो, ‘कार्टून नव्हे, परीक्षा चालू आहे.’

आणि खरोखर, परीक्षाच चालू होती. प्रात्यक्षिक दहा मिनिटांचं. पटांगणात खोटं शहर उभारलेलं, त्यात यंत्रमानव सोडलेले. लहान मोडला तर एक गुण, मधला दोन, मोठा तीन. शिवाय एक राक्षसाएवढा यंत्रमानव, त्याला शून्य गुण. म्हणजे तो ऑप्शनला टाकायचा. इथवर ठीक. पण सुरुवातीची घंटाच नाही! परीक्षक वरून ओरडला, ‘सुरू!’ मुलं बावरून बघत राहिली, तर तो म्हणतो की खऱ्या लढाईत कोण उलटी गिनती करतं? माझा जीव खालीवर झाला. आमच्याकडे घंटा दोन मिनिटं उशिरा झाली तर पालक सभा घेतात.

आपला नायक, मिदोरिया नावाचा केसाळ रडका मुलगा, दहा मिनिटांत एकही यंत्रमानव मोडू शकत नाही. उलट जो शून्य गुणांचा राक्षस, नेमका त्याच्यावर तुटून पडतो, कारण एक मुलगी ढिगाऱ्याखाली अडकलेली असते. हातपाय मोडून घेतो. घरी जाऊन रडतो. आणि आठवड्याने पाकिटातून काय निघतं? त्याला साठ गुण! म्हणे ‘बचावाचे गुण’ म्हणून वेगळा रकाना होता, तो उमेदवारांना सांगितलेला नव्हता. पहिला आलेल्या स्फोटवाल्या बाकुगोला मोडतोडीचे सत्त्याहत्तर आणि बचावाचे शून्य.

भाच्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी उठून उभा राहिलो. ‘हे चालणार नाही!’

‘मामा, किती भारी सीन आहे!’

‘सीन असेल. पण गुणदानाची योजना आधी जाहीर न करता साठ गुण? उद्या एखाद्या पालकाने माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला तर? छायांकित प्रत मागितली तर? कशाची देणार, ढिगाऱ्याची?’

शिवाय मला आतली गोष्ट माहीत होती. ह्या मिदोरियाला मुळात शक्तीच नव्हती. जगातल्या सर्वश्रेष्ठ हीरोने, ऑल माइटने, आपली शक्ती त्याला दिली. कशी दिली? स्वतःच्या डोक्याचा एक केस खायला घालून. कधी? परीक्षेच्या दिवशी सकाळी! आणि हा ऑल माइट त्याच वर्षापासून त्याच शाळेत शिक्षक म्हणून रुजू होणार. म्हणजे नवनियुक्त शिक्षकाने परीक्षेच्या सकाळी उमेदवाराला गुप्तपणे अंगची वस्तू खायला दिली आणि उमेदवार पास झाला. ह्या प्रकरणावर आमच्याकडे निदान दोन चौकशी समित्या बसल्या असत्या. पहिली चौकशीसाठी आणि दुसरी पहिलीचा अहवाल कुठे गेला ते शोधायला.

वर्ग सुरू झाले. वर्गशिक्षक आयझावा पिवळ्या झोपायच्या पिशवीत शिरून वर्गाच्या दाराशी आडवा. मला परकं वाटलं नाही. आमच्याकडेही असे दोघे होते, फक्त पिशवी कॉलेजकडून मिळत नव्हती. ह्या माणसाची शक्ती मात्र मला फार आवडली. तो ज्याच्याकडे रोखून बघेल त्याची शक्ती बंद. पापणी मिटली की परत चालू. त्यामुळे बिचाऱ्याचे डोळे कायम लाल आणि कोरडे, खिशात डोळ्यांत घालायचे थेंब. असा पर्यवेक्षक आम्हाला एक जरी मिळाला असता! आमचे ज्युनियर सुपरवायझर नेमके उलटे. त्यांनी बघितलं की काही बंद व्हायचं नाही, आणि पापणी मिटायची ती तासभर.

त्याच शाळेत एक अदृश्य मुलगी आहे, हागाकुरे. गणवेश तेवढा दिसतो, आत कुणी दिसत नाही. भाचा तिच्या गमतीजमतीवर हसत होता. मी तिच्या हॉल तिकिटाचा विचार करत होतो. फोटोची पार्श्वभूमी पांढरी हवी, दोन्ही कान दिसायला हवेत, फाइल पन्नास केबीच्या आत. ही पोरगी बिचारी पन्नास वेळा अपलोड करणार आणि पन्नास वेळा उत्तर येणार, ‘चेहरा स्पष्ट नाही’. शेवटी खिडकीशी येणार. खिडकीत बसलेला माणूस मान वर न करता ‘तू स्वतः ये, मैत्रिणीला पाठवू नकोस’ म्हणणार. बरं, परीक्षेत ती बसली की नाही ते कसं ठरवायचं? आमच्या हजेरीपटावर सही असेल तर विद्यार्थी हजर. तेवढ्यापुरती आमची पद्धत तिला सोयीची. कारण आमच्या हजेरीपटावर न दिसणारी मुलं हजर असण्याची परंपरा जुनी आहे.

प्राचार्य तर प्राणी आहे. उंदीर म्हणावा, कुत्रा म्हणावा की अस्वल, कुणाला नक्की ठरवता येत नाही, पण बुद्धी माणसापेक्षा तल्लख. उंदीर आमच्याकडे रेकॉर्ड रूममध्ये भरपूर होते. त्यांनी १९९४ च्या प्रथम वर्ष वाणिज्यचा अख्खा गोषवारा पचवला. पण एवढ्या अनुभवावरही बढती कुणाला मिळाली नाही.

तर पहिल्या दिवशी ह्या आयझावाने स्वागत समारंभाला दांडी मारून मुलांना थेट मैदानावर नेलं. आठ चाचण्या. पन्नास मीटर पळणं, उभ्याने लांब उडी, मुठीची ताकद, चेंडूफेक वगैरे. नेहमीच्याच, फक्त ह्या वेळी शक्ती वापरायची मुभा. जो शेवटचा येईल त्याला घरी पाठवणार, अशी धमकीही दिली. बाकुगोने स्फोटाच्या जोरावर चेंडू भिरकावला: ७०५.२ मीटर. मिदोरियाने एका बोटात सगळी शक्ती आणून, बोट मोडून घेऊन भिरकावला: ७०५.३. एक दशांश मीटरला एक बोट. बारावीला एका टक्क्यासाठी पोरं काय काय मोडून घेतात ते बघितलेल्याला हा दर महाग वाटणार नाही. इतकं करून निकालात मिदोरिया शेवटचाच, आणि धमकी खोटी होती, असं आयझावाने निकालानंतर सांगितलं.

पण माझं लक्ष तिकडे नव्हतंच. मधे एक घटना घडून गेली होती आणि तिच्याकडे कुणीही, ना शिक्षकाने ना भाच्याने, गांभीर्याने पाहिलं नव्हतं. उराराका नावाची गोलमटोल गालांची मुलगी. ती पाच बोटांनी ज्याला शिवेल त्याचं वजन नाहीसं होतं. तिने चेंडू हातात घेतला, शिवली, हलकेच वर सोडला. चेंडू वर गेला, आणखी वर गेला, दिसेनासा झाला. आयझावाच्या हातातल्या यंत्रावर आकडा उमटला.

आडवा आठ. अनंत.

मुलांनी ‘वा!’ केलं आणि पुढची चाचणी सुरू झाली.

‘थांब, थांब,’ मी म्हणालो. ‘मागे घे.’ भाच्याने मागे घेतलं. पुन्हा चेंडू वर गेला, पुन्हा आडवा आठ. ‘हे गुणपत्रकात कसं चढवलं?’

‘म्हणजे?’

‘अरे, आठ चाचण्यांची बेरीज करून क्रमांक लावलाय ना? सातांत साधे आकडे आणि एकात अनंत. बेरीज किती? अनंत. मग ही पहिली यायला हवी. तशी ती आलेली नाही! म्हणजे कुणीतरी गुणांत रूपांतर केलंय. कुणी केलं? कोणत्या नियमाने?’

‘मामा, ही गोष्ट आहे.’

‘गोष्ट असली म्हणून बेरीज चुकते का?’

त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या गुणनोंदणीच्या सॉफ्टवेअरमध्ये रकाना तीन अंकी. कमाल गुणांपेक्षा एक जरी जास्त टाकला तर चौकट लाल होते आणि पुढे सरकू देत नाही. आकड्याशिवाय ती चौकट फक्त एकच गोष्ट स्वीकारते: ‘एबी’, म्हणजे अनुपस्थित. म्हणजे जिने चेंडू विश्वाबाहेर घालवला तिला आमच्या पद्धतीत एक तर शंभरापैकी शंभर, म्हणजे धडधडीत अन्याय. नाही तर गैरहजर. मी अंधारात छताकडे बघत राहिलो. चेंडू अजून वर जातच असणार.

भाच्याला माझं हे वेड बघून चेव आला. त्याने मला ह्या क्षेत्राचा रीतसर अभ्यासक्रमच आखून दिला. फक्त एक अट घातली: ‘द्रोणाचार्य आणायचे नाहीत मधे. पोपटाचा डोळा नाही, अंगठा नाही. तुम्ही लोक कुठलाही विषय तिकडे नेता.’ मी कबूल केलं. नेणार होतोच.

अभ्यासक्रमातला पहिला धडा अमेरिकेतला, १९६३ सालचा. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी ‘एक्स-मेन’ चित्रकथा काढली. न्यूयॉर्कजवळच्या वेस्टचेस्टर भागात एका वाड्यात प्रोफेसर झेवियर अचाट शक्तीच्या मुलांची निवासी शाळा चालवतात. नाव मोठं, दबदबा मोठा; पहिल्या अंकात पट किती? पाच. त्यातलीही पाचवी मुलगी अंक सुरू झाल्यावर दाखल होते. आणि शिक्षक एक. म्हणजे शुद्ध एकशिक्षकी शाळा! आपल्याकडे वीसच्या आत पट गेला की शाळा जवळच्या शाळेत मिळवायची भाषा सुरू होते, गावकरी मोर्चा काढतात. झेवियरसरांच्या शाळेवर केंद्रप्रमुख कधीच गेलेला दिसत नाही. जाऊनही उपयोग नसता म्हणा. सर दुसऱ्याच्या मनातलं वाचतात आणि मनात विचारही घालतात. केंद्रप्रमुख ‘पट समाधानकारक’ असा शेरा मारून चहा पिऊन परतले असते. पोषण आहाराचा तांदूळही वाढवून दिला असता.

दुसरा धडा २००५ चा, डिस्नीचा ‘स्काय हाय’. ह्यावर मात्र मी रेंगाळणार आहे.

ही शाळा आकाशात तरंगते. शत्रूला सापडू नये म्हणून जागा बदलत राहते. मुलांना न्यायला पिवळी स्कूल बस येते, ती पुलावरून सुसाट जाते आणि उडते. बसचा ड्रायव्हर हा सिनेमातला माझा सर्वांत लाडका माणूस: त्याला कुठलीच शक्ती नाही, पण गणवेश कडक इस्त्रीचा आणि बसवर जीव. नायक विल हा दोन महान हीरोंचा मुलगा. बाप प्रचंड बलवान, आई उडणारी, आणि पोराच्या अंगात अजून काहीच प्रकटलेलं नाही. दोन्ही पालक एकाच खात्यात मोठ्या हुद्द्यावर आणि मुलाचा कल कुठेच नाही, ही परिस्थिती डॉक्टरांच्या आणि प्राध्यापकांच्या घरी मी खूप बघितली आहे.

पहिल्या दिवशी ‘पॉवर प्लेसमेंट’. व्यायामशाळेत सगळ्या नव्या मुलांना उभं करतात. शिट्टीवाला कोच बूमर एकेकाला चौथऱ्यावर बोलावतो. पोराने शक्ती दाखवायची आणि त्याने तिथल्या तिथे ओरडून निकाल द्यायचा: ‘हीरो’ किंवा ‘साइडकिक’. मध्ये काही नाही. गुणवाढीसाठी अर्ज नाही, दुसरी यादी नाही, स्पॉट राउंड नाही. एक काटकुळा पोरगा दगडाचा राक्षस होतो: हीरो. एक मुलगा वितळून डबकं होतो: साइडकिक. एक मुलगा अंधारात चमकतो, पण व्यायामशाळेत दिवे लावलेले, त्यामुळे चमकतोय ते दिसतच नाही: साइडकिक. एक मुलगी गिनिपिग होते. ‘आणखी काही?’ नाही, एवढंच. साइडकिक. एक मुलगी झाडं हलवू शकते, पण अशा निवडीवर तिचा विश्वासच नाही म्हणून शक्ती दाखवायला नकार देते: साइडकिक. विलला काही येत नाही, तर लपवत असेल अशा समजुतीने कोच त्याच्या डोक्यावर मोटार पाडतो. तरी काही प्रकटत नाही: साइडकिक.

इथे माझ्या घशाशी आवंढा आला, आणि भाच्याला दाखवायला मी खोकलो.

आठवीला आमच्या शाळेत असंच झालं होतं. पावसाचे दिवस, पटांगणात चिखल, म्हणून सगळ्यांना व्हरांड्यात उभं केलं. गुरुजींनी यादी वाचायला घेतली. अ वाचून झाली, ब वाचून झाली, क वाचून झाली. ज्यांची नावं झाली ते जिने चढून वर जायचे. वर पंखे होते. शेवटी व्हरांड्यात आम्ही बावन्न जण उरलो. गुरुजींनी यादीची घडी घातली. आमची नावं वाचलीच नाहीत. ‘राहिलेले ड’, एवढंच म्हणाले. ड तुकडीचा वर्ग मुतारीशेजारी. इंग्रजीचे सर वरच्या तीन तुकड्या आटोपून आमच्याकडे यायचे तोवर त्यांचा आवाज बसलेला असायचा, त्यामुळे आमचं इंग्रजी कुजबुजीत झालं. आजही मी इंग्रजी हळूच बोलतो.

‘स्काय हाय’मध्ये साइडकिक हा शब्द पुढे असभ्य ठरतो आणि ‘हीरो सपोर्ट’ म्हणायचं ठरतं. आमच्याही शाळेने नंतर तुकड्यांची नावं फुलांवरून ठेवली. ‘ड’ची ‘जाई’ झाली. मुतारी होती तिथेच राहिली.

त्या सिनेमाची खरी मजा खलनायिकेत आहे. (वीस वर्षांपूर्वीचा सिनेमा आहे, आता सांगायला हरकत नाही.) ती ह्याच शाळेची जुनी विद्यार्थिनी, सू टेनी. तिला यंत्रांशी मनाने बोलता यायचं. पण त्या काळी ही शक्ती कुणाला कळलीच नाही, म्हणून तिलाही ‘साइडकिक’ असा शिक्का बसला. त्या रागातून ती अशी बंदूक बनवते की जिच्यामुळे माणसाचं तान्हं बाळ होतं. त्या भानगडीत तिचंच बाळ होतं. ती पुन्हा मोठी होते, नाव बदलते आणि त्याच शाळेत पुन्हा प्रवेश घेते! इतकंच नाही तर वरच्या वर्गात जाऊन शाळेच्या कार्यक्रम समितीची प्रमुख होते. हे सगळं घडलं कारण प्रवेशाच्या वेळी शाळा सोडल्याचा दाखला कुणी तपासला नाही. एक कारकून, फक्त एक चष्मेवाला कारकून त्या तरंगत्या इमारतीत असता, त्याने जनरल रजिस्टर उघडून जन्मखूण पडताळली असती, तर सिनेमा अर्ध्या तासात संपला असता. पण शाळेत नर्स आहे तीही आरपार बघणारी. वेड्या विज्ञानाचा शिक्षक आहे, डोकं भोपळ्याएवढं. हेडबाई आहेत, त्या धूमकेतू होऊन उडून जातात आणि त्यांचं काम करते लिंडा कार्टर, जी १९७० च्या दशकात टीव्हीवर वंडर वुमन होती. ऑफिस तेवढं नाही.

तिसरा धडा भाच्याने गाळला. ‘तो तुमच्या वयाला बरा नाही,’ म्हणाला. म्हणून मी तो दुपारी एकट्याने पाहिला. ‘जेन व्ही’, २०२३ मध्ये सुरू झालेली मालिका. रक्तपात इतका की मी मधे मधे चष्मा काढून ठेवत होतो. पण हे मात्र खरं विद्यापीठ: गोडोल्किन. वसतिगृह, अधिष्ठाता, शिष्यवृत्त्या, पार्ट्या, पुतळे. आणि एक प्रचंड फलक, त्यावर पहिल्या दहा विद्यार्थ्यांचे फोटो क्रमाने. क्रमांक बदलला की सगळा परिसर मान वर करून बघतो. गुन्हेगारीविरुद्ध लढायचं शिक्षण एकीकडे आणि अभिनय-नृत्याचं दुसरीकडे, आणि लढायच्या शाखेतल्या मुलांनाही कळून चुकलेलं की शेवटी कॅमेऱ्यासमोर उभं राहता आलं पाहिजे. अनुयायी किती जमले ते हजेरीपेक्षा महत्त्वाचं.

ह्या मुलांची शक्ती उपजत नाही. तान्ही असताना आईबापांनी एका कंपनीकडून पैसे घेऊन त्यांना औषध टोचून घेतलेलं, आणि मुलांना वाटत आलं की देवाने दिलं. हे बघताना मी थोडा अस्वस्थ झालो. आमच्या समोरच्या घरातली मुलगी सहावीत आहे. तिला आयआयटीची ‘फाउंडेशन’ बॅच लावली आहे. ती संध्याकाळी खेळणाऱ्या मुलांकडे खिडकीतून बघते तेव्हा तिच्या मागे भिंतीवर आवर्तसारणी दिसते.

अधिष्ठाता बाईंचं नाव इंदिरा शेट्टी. त्यांना स्वतःला कुठलीही शक्ती नाही. सगळे विद्यार्थी अचाट आणि सर्वोच्च खुर्चीत बसलेल्या व्यक्तीकडे अचाट असं काहीच नाही, हे दृश्य मला अजिबात काल्पनिक वाटलं नाही. बाई धूर्त निघाल्या, दुःखी निघाल्या, पुढे बऱ्याच भयंकर निघाल्या. विद्यापीठाच्या पोटात त्यांनी एक गुप्त तळघर चालवलेलं असतं, तिथे मुलांवर प्रयोग. आमच्याही इमारतीला तळघर होतं. तिथे जायला माणसं घाबरायची ती मात्र फक्त पालींना.

एवढं सगळं बघून झाल्यावर मला एक गोष्ट खरोखर चक्रावते. ह्या लेखकांच्या कल्पनेला मर्यादा नाही. त्यांनी माणसाला उडवलं, वितळवलं, अदृश्य केलं, डोक्यावर मोटार पाडून जिवंत ठेवलं. पण ज्या शाळेत क्रमांक लावत नाहीत अशी शाळा ह्यांतल्या दोघांच्याही डोक्यात आली नाही. जपान्याला सुचली नाही, अमेरिकनाला सुचली नाही. यूएमध्ये विश्वाचा नाश तोंडावर आलेला असतो आणि पोरं सहामाहीची गुणयादी बघत उभी. विजेच्या झटक्याने शत्रूला लोळवणारा कामिनारी यादीच्या तळाशी, कारण जास्त वीज सोडली की त्याचा स्वतःचाच मेंदू तासभर बधिर होतो. पहिली आली यायोरोझु. ती अंगातून हवी ती वस्तू निर्माण करते, पण त्या वस्तूची रेणुरचना पाठ असावी लागते. म्हणजे अभ्यासाशिवाय शक्ती चालत नाही अशी ती एकटीच. ती शिफारशीच्या चार जागांमधली निघाली, त्यामुळे माझ्या एका आवडत्या समजाला तडा गेला. तो मी अजून दुरुस्तीला दिलेला नाही.

भाच्याने मला एकदा विचारलं, ‘मामा, तुम्हाला एक शक्ती मिळाली तर कुठली घ्याल?’ मी पुष्कळ विचार केला. परीक्षेच्या काळात गैरप्रकार रोखायला आमच्याकडे ‘भरारी पथक’ यायचं. नाव भरारी, यायचं जीपमधून, आणि जीप फाट्यावर दिसली की तिसऱ्या मिनिटाला कॉलेजच्या मागच्या खिडक्यांखाली चिठ्ठ्यांचा सडा. मी म्हणालो, ‘उडायला आवडेल. एकदा तरी खरीखुरी भरारी मारून वर्गात उतरायला आवडेल.’ तो म्हणाला, ‘एवढी शक्ती मिळवून तुम्ही कॉपी पकडणार?’ आता ह्यात हसण्यासारखं काय होतं?

तरी माझं मन राहून राहून त्या चेंडूकडे जात होतं. मी कागदावर तऱ्हा करून पाहिल्या. गुणांचं प्रमाणीकरण करावं, तर अनंताने भागल्यावर बाकी सगळ्या मुलांना शून्य. एकोणीस पालक दारात. कमाल गुण द्यावेत, तर उद्या एखादा नुसताच लांब फेकणारा मुलगा येऊन म्हणणार, मलाही शंभर आणि तिलाही शंभर? पुनर्परीक्षा घ्यावी, तर चेंडू परत आलेला नाही. शेवटी परवा रात्री मला राहवेना. माझ्यानंतर त्या खुर्चीत बसलेल्या सहकाऱ्याला फोन लावला. भाचा समोर बसून ‘मामा, नको, प्लीज’ असे हातवारे करत होता.

पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली. मग आवाज. ‘बोला साहेब.’

‘एक अडचण आहे रे,’ मी म्हणालो. ‘प्रात्यक्षिकात एका मुलीला अनंत मिळालेत.’

क्षणभर शांतता. कुठली मुलगी, कुठलं कॉलेज, कसले अनंत, त्याने काही म्हणजे काही विचारलं नाही. ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला, कागद उलटल्याचा आला, पेनाचं टोपण काढल्याचा आला. मग खऱ्या काळजीच्या सुरात त्याने विचारलं,

‘आउट ऑफ किती?’